नसलेली लहर

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. एक पोलादी पिंप आहे, तुमच्यातला एक जण आत मावेल एवढे. त्याच्या पोटातली हवा पंपाने ओढून काढली आहे. मग आत किंचितसा वायू सोडला, वीज दिली आणि जांभळा उजेड पसरला. विजेने अशा पेटलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. आकाशात कडाडणारी वीज म्हणजे प्लाझ्माच, आणि सूर्यसुद्धा त्याचाच बनलेला. तुम्ही मनात पाहिलेले ते पिंप म्हणजे मी. आता बराच जुना झालो आहे.

मला एका वेल्डरने घडवले. माझ्या सांध्यांत केसाएवढीही फट चालणार नव्हती. तो वैतागून म्हणाला, "बाई, एवढं जपून आत ठेवणार तरी काय?"

"काहीच नाही. हवासुद्धा नाही."

"मग चोरांची काळजी मिटली," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

बाई म्हणजे मला बनवून घेणाऱ्या शास्त्रज्ञ, तेव्हा तरुण होत्या. माझ्या आत उघडा हात घालायची कुणाला परवानगी नव्हती, कारण बोटांचा घाम लागला की तो कितीतरी दिवस वाफ होऊन निघत राही. प्लाझ्मात काय चालले आहे हे कळावे म्हणून बाई तारेची एक बारीक सुई आत सरकवत. त्या सुईने एक दिवस सांगितले, की उजेडाच्या कडेला एक लहर सारखी फिरते आहे. बाईंनी ती पुन्हा पुन्हा मोजली आणि शोधनिबंध लिहिला.

त्या निबंधाने बाईंचे नाव झाले. दूरदूरचे संशोधक त्याचा आधार घेऊन लिहू लागले. बाईंचे विद्यार्थी त्या लहरीचा अभ्यास करून प्राध्यापक झाले, आणि मग त्यांचे विद्यार्थीही त्याच वाटेने निघाले. पाहुणे यायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे. माझा जन्म सार्थकी लागला, असे मला वाटे.

बाईंचे केस पिकल्यावर प्रयोगशाळेत एक वेगवान कॅमेरा आला. बाईंनी तो माझ्या काचेच्या खिडकीला लावला. लहर दिसली. मग सहज म्हणून त्यांनी सुई बाहेर ओढली, तर लहर नाहीशी झाली. सुई आत घातली, लहर हजर. बाहेर काढली, सगळे शांत.

मित्रांनो, पाणी स्थिर आहे का हे बोट बुडवून पाहिले तर काय होईल? इथे तेच झाले होते. लहर सुईनेच उठत होती. इतकी वेगवान लहर खिडकीतून नुसत्या डोळ्यांना दिसत नसे आणि सुईशिवाय ती टिपण्याची सोयच नव्हती, म्हणून इतकी वर्षे ते कुणाच्या ध्यानात आले नाही. बाई माझ्या गार पत्र्याला पाठ टेकून जमिनीवर बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

त्यांनी आपली चूक छापून कबूल केली. ती कबुली कुणी वाचली नाही. जुन्या निबंधाचा आधार मात्र घेतला जातच राहिला. विज्ञानात एकट्याने पाहून भागत नाही, दुसऱ्या कुणीतरी पाहून "हो" म्हणावे लागते. बाईंना तेवढेच हवे होते. त्यांचा लाडका विद्यार्थी आता विभागप्रमुख होता. सगळे त्याला साहेब म्हणत, बाई अजून बाळ म्हणत.

"बाळ, एकदा ये. सुई काढ आणि बघ, बास."

"येतो ना, बाई. पण माझी मुलं त्याच लहरीवर पीएचडी करतायत. त्यांना काय सांगू?"

"हेच सांग. तरुण आहेत, वेळीच सावरतील."

साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. ते आले मात्र नाहीत.

उद्या माझा पंप काढून नेणार आहेत. मग माझ्या पोटात उजेड होणे नाही. आज माझ्यासमोरच खुर्च्या मांडून बाईंचा सत्कार झाला. साहेबांनी लहरीवर छान भाषण केले. बाई बोलायला उठल्या.

"ती लहर नाहीच," त्या म्हणाल्या. "सुईमुळे दिसायची. माझं चुकलं."

लोक कौतुकाने हसले. "काय हा मोठेपणा," मागून कुणीतरी म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. बाई टाळ्या थांबायची वाट पाहत उभ्या राहिल्या, मग बसल्या. त्यानंतर माझ्यावर पितळी पाटी लावली, 'येथे ती लहर सापडली'. चौकटीला आयती भोके होती, म्हणून ती नेमकी खिडकीवरच बसवली.

मित्रांनो, मला झाडूपुसू नका, माझी हरकत नाही. पण कुणी "माझं चुकलं" म्हणत असेल, तर टाळ्या वाजवू नका. ऐकून घ्या. जाऊन बघा.

बाईंबरोबर त्यांची नात आली होती. "आजी, ते हसले का गं?"

"त्यांना वाटलं, मी उगीच कमीपणा घेतेय."

"मग परत सांग ना."

"सांगून सांगून दमले, राणी. पिशवी घेते, मग घरी जाऊ."

बाई पिशवी आणायला गेल्या. नात साहेबांकडे गेली आणि तिने त्यांची बाही ओढली. "काका, तुम्ही सुई काढून बघणार होता ना?"

"हो, येतोच. एवढे पाहुणे गेले की लगेच. तू तिथंच थांब हं."

हे "येतोच" मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. साहेब पाहुण्यांबरोबर जिना उतरून गेले. नातीने कोपऱ्यातली दोन स्टुले माझ्यासमोर ओढून आणली. एकावर ती स्वतः बसली. दुसरे तिने काकांसाठी पुसून ठेवले.