अक्षता घातलेली मशिनं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळातल्या सगळ्या कॉम्प्युटरना भाताची रोपं फुटली. पाठीमागं, नेटची वायर खुपसतात ना, त्या भोकातनं. बोटभर, हिरवीगार, आणि वास थेट घनसाळचा, आमच्या आजऱ्याच्या तांदळाचा.

अक्षता मीच घातल्या होत्या. खंडेनवमीला घरोघरी विळी-कोयत्याची पूजा होते, तशी मंडळातल्या मशिनांची मी केली. हळद-कुंकू लावलं. अक्षता वरनं घरंगळायला लागल्या, म्हणून मागच्या भोकात घातल्या. बोटानं नीट दाबून.

आता ही मशिनं कशी, तर पोटात काही नसलेली. आत ना डिस्क, ना कसली आठवण. रोज सकाळी उठली की वायरीतनं आतल्या खोलीतल्या मोठ्या मशिनला विचारतात, मी कोण, मला काय काय येतं? ते सांगतं, मग ही कामाला लागतात. त्या दिवशी उठली आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ धरून बसली. नेटवर्क कार्ड सापडत नाही.

"चंपाक्का, होईल ना गं?" मालननं विचारलं.

मालनचा दिगू जहाजावर असतो. जहाज बंदराला लागलं की तेवढ्यापुरता तो आईला दिसतो, ते पण तिच्या तडा गेलेल्या फोनवर. मीच तिला म्हटलं होतं, मंडळात ये, परातीएवढा दाखवते तुला. ती नवं लुगडं नेसून आली होती. मागं गल्लीतल्या बायका.

"होईल ना म्हणजे? मी कशाला आहे?" मी म्हटलं.

मशिनं बसवणारी नसीम गडहिंग्लजला असते. तिला फोन लावला.

"आजी, वायर काढून परत घाला. मागचा हिरवा दिवा लागला?"

मागं सगळंच हिरवं होतं. "लागला," मी म्हटलं. रोपं वीतभर झाली.

"मग कार्ड सापडायला पाहिजे. भोकात काही गेलंय का? मुंगी, कचरा?"

"छे गं. काय जाणार?"

रोपं माझ्या कमरेला लागली. मी पदर पसरून पुढं उभी राहिले. मागं हात घालून एक उपटलं, तर मुळाशी आणखी दाणे.

"काय खसखसतंय, आजी?"

"माझं इरकल लुगडं."

"बरं. तोवर मशिनसमोर कुणाला बसू देऊ नका. सांगणारं कुणी नसलं की ती समोरच्या माणसातनं आठवण काढून घेतात."

मालन बसली होती.

पडद्यावर दिगू आला. परातीत बसून अंघोळ करणारा, उघडा. मग दप्तर टाकून पळणारा. मग मिशी फुटलेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"केलंच की चंपाक्कानं!"

मी मान डोलावली. शाबासकी घेतली.

मालननं वळून मला विचारलं, "हे कुणाचं गं पोरगं? गोड आहे."

बायका हसल्या. "पोरगा बोटीवर गेला, मालन, आणि तू नाटकात!" मग "मला दाखव, मला दाखव" करत एकेक जण एकेका मशिनपुढं बसली. आक्काताईच्या पडद्यावर तिचं माहेर आलं, विहिरीसकट. आक्काताईच्या तोंडावर काहीच राहिलं नाही. खोली गप्प झाली. सगळ्यांचे हात मांडीवर. माझ्या मागं भात लोंब्यांना आला.

"आजी," फोनमधनं नसीम म्हणाली, "परवा खंडेनवमी होती. तुम्ही अक्षता घातल्यात का?"

मी एक लोंबी पदराखाली दडपली.

"आजी, रागावत नाही मी. नुसतं सांगा."

मी फोन ठेवला.

मग वायर ओढून घेतली आणि माझ्या कानात घातली. खट् करून बसली. सगळ्या मशिनांना कार्ड सापडलं. सगळ्यांनी एकदम विचारलं, मी कोण? माझ्याजवळ जे होतं ते गेलं. सगळ्या पडद्यांवर चंपा असं आलं, आणि बायका जाग्या झाल्या. आक्काताईनं माझ्यासारखं नाक ओढलं. मालननं माझ्यासारखी भुवई उडवली.

तेवढ्यात फोन आला. खरा दिगू, दाढी वाढलेला, परातीएवढा, सगळ्या पडद्यांवर.

"आई?"

माझे कान तापले. सगळ्यांचे कान लाल झाले. मी मान खाली घातली, सगळ्यांनी घातली.

"आई, दिसत नाहीयेस गं. यातली तू कुठली?"

आम्ही सगळ्यांनी तोंडावर पदर ओढला आणि म्हटलं, "मी नाही रे."

मालननंही म्हटलं.