‘थ्री फेज’ला नावं ठेवली

सोमेश्वरचा अल्बम निघाला तेव्हा टेंभुर्णीत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बरोबरच होतं म्हणा. गिटार, सिंथेसायझर आणि कॉम्प्युटरवर बनवलेले ढोल, असला आठ तुकड्यांचा रॉक, आणि त्यात गाण्याचा एक शब्द नाही. नाव काय, तर ‘थ्री फेज’. वर्षभर दार लावून खपला होता बिचारा.

बरेच दिवस कुणी बरं म्हणेना की वाईट म्हणेना. मग पुण्याच्या ज्योत्स्ना नावाच्या समीक्षक बाईंनी आपल्या वेबसाइटवर अल्बमबद्दल सविस्तर लिहिलं. पहिले पाच तुकडे त्यांना फार आवडले होते. सातवा, शेतातल्या विजेच्या पेटीवरून ‘डीपी’ नाव दिलेला, मात्र कंटाळवाणा वाटला. ‘इथे कलाकाराचा स्वतःच्या सुरावरचा भरवसा उडतो, म्हणून तो आवाजावर आवाज चढवत बसतो,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

सोमेश्वर आधी तडकला. मग हेडफोन लावून ‘डीपी’ पुन्हा ऐकला आणि त्याला ते पटलं. करताना नेमका तिथेच तो अडखळला होता. आपलं काम कुणीतरी इतकं कान देऊन ऐकलं, या आनंदाने त्याला भरून आलं. पुढचा अल्बम आधी या बाईंना पाठवायचा, असं त्याने ठरवून टाकलं.

हा आनंद त्याने मोबाईलच्या दुकानात बसणाऱ्या राधेश्यामकाकाला सांगितला, इथेच गाडं बिघडलं. काकाने ‘कंटाळवाणा’ या शब्दापर्यंत वाचलं आणि लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘आपल्या सोमेश्वरला नावं ठेवली.’

मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत बाईंच्या लेखाखाली अख्खी टेंभुर्णी उतरली. बाईंना संगीतातलं काय कळतं, इथपासून सुरुवात. शाळेतल्या सरांनी तर ‘सोमेश्वरच्या गोड गळ्याला तोड नाही’ असं ठणकावून लिहिलं. गळा! सोमेश्वरने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी लेखच गायब. त्याने बाईंना माफीचा निरोप पाठवला. उत्तर आलं, ‘तुमचा राग नाही. पण तुमच्या कामावर पुन्हा लिहिणार नाही.’

तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. उषाबाई लसूण सोलत होत्या.

“आई, तूबी लिहिलं का त्या बाईला?”

“लिहिलं की. काकानं टाईप करून देल्लं.”

“अल्बम ऐकला व्हता?”

“न्हाई बा. तुला नावं ठेवली म्हणल्यावर ऐकायचं काय त्यात?”

एवढी माया, आणि ऐकणारं एक माणूस नाही. सोमेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. उषाबाईंनी ते पाहिलं आणि लसणाचं ताट बाजूला सारलं.

“कोन्तं वंगाळ म्हणली ती? तेच लाव बरं.”

त्याने ‘डीपी’ लावला. त्या मांडी घालून, मान खाली घालून ऐकत राहिल्या.

“झालं का?” त्यांनी मधेच विचारलं.

“न्हाई, अजून हाय.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आता?”

“अजून हाय.”

शेवटी एकदाचा तो संपला.

“खरं सांग आई. कसा वाटला?”

उषाबाईंनी दाराकडे पाहून घेतलं. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, “दुसऱ्या कुणी म्हणलं तर मी आजबी ऐकून घेणार न्हाई. पण लई लांबलंय रं, बाबा.”