निघाल्याचं सोंग

अदुसेई मामा आणि सारपोंग यांचं भांडण झालं, त्या दिवशी म्हणे गावातल्या बकऱ्याही दोन गटांत विभागल्या. बारा खळग्यांच्या लाकडी पाटावर ओवारे या बियांच्या खेळाचा डाव अगदी रंगात आला होता, आणि एक कोंबडी येऊन निर्णायक बी गिळून गेली. बी माझी, असं मामा म्हणाला. माझी, असं सारपोंग. कोंबडी कापून बघावी, तर ती सारपोंगच्या बायकोची. तिने मुसळच उचललं. शेवटी दोघांनी एकमेकांच्या अंगणात पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली, आणि मामपोंगच्या वाटेवरचे हे दोन वाघ रस्त्याच्या दोन बाजूंना गुरगुरत बसले. मधून नुसत्या लॉऱ्या जायच्या.

तोड काढली मामाच्या भाचीने. पोकुआ कुमासी शहरात प्रोग्राम लिहायची. तिने ओवारेचा पाटच संगणकात उतरवला: मामा आपल्या अंगणात चाल करणार आणि ती पलीकडे सारपोंगच्या पडद्यावर उमटणार. दवाखान्याच्या खांबावर वायफायचा डबा होता, त्याची मेहेरबानी दोन्ही अंगणांवर सारखीच.

गावच्या वडीलधाऱ्यांनी मात्र अट घातली. शनिवारी दोन्ही घरांतला फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटून होईपर्यंत डाव सुरू झाला पाहिजे. नाही झाला, तर मामा पळाला असं धरायचं, कारण यंत्रविद्या त्याच्या भाचीची. मग मामाने मरेपर्यंत भर रस्त्यात सारपोंगला ‘गुरुजी’ म्हणायचं.

“गुरुजी? त्या बेडकाला?” मामा म्हणाला. “पोकुआ, तुझ्या आईच्या घराण्याचं नाक तुझ्या हातात आहे हो.”

शनिवारी दोन्ही परसांतून मुसळांची धपधप सुरू झाली. प्रोग्रामचं काम तसं सरळ होतं. त्याने आधी यंत्राला त्याचा स्वतःचा आकड्यांतला पत्ता विचारायचा आणि पडद्यावर दाखवायचा. तो पलीकडच्याने आपल्या यंत्रात भरला की डाव सुरू. कुमासीत हे सगळं सुरळीत चाललं होतं. इथे यंत्राने काय सांगितलं ते पोकुआ नीट बघेपर्यंत मामाने रस्त्यापार आरोळी ठोकली, “एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक! लिही रे, लिहिता येत असेल तर!”

सारपोंगने एका बोटाने आकडे भरले. त्याच्या पडद्यावर पाट उघडला आणि तिकडे जल्लोष झाला. इकडे मामाच्या पडद्यावर मात्र एक बी हलेना.

“काय गं हे? तो खेळतोय कोणाशी?”

तेवढ्यात पलीकडून सारपोंगचा असा आवाज फुटला की भिंतीवरचे सरडे पटापट खाली पडले. “अदुसेई, लाज वाटत नाही? मी तिसरा खळगा उचलला की तूही तिसराच उचलतोस! पोरासारखी नक्कल करतोस?”

“मी अजून बीला हातसुद्धा लावलेला नाही!” मामा ओरडला.

पोकुआने कपाळावर हात मारून घेतला. “मामा, हा आपला पत्ताच नव्हे. जगातल्या कुठल्याही यंत्रात याचा अर्थ एकच, ‘मी स्वतः’. सारपोंगबाबांचं यंत्र स्वतःच्याच दारावर टकटक करतंय. ते स्वतःशीच खेळताहेत.”

“आणि हरतोय का?”

“मामा!”

“बरं, बरं. मग खरा पत्ता विचार ना त्याला.”

तिने विचारला. यंत्राने पत्त्यांची मोळीच पुढे टाकली: एक ‘मी स्वतः’, एक तार खोचायच्या भोकाचा, एक वायफायचा. यातला कामाचा कुठला, हे प्रोग्रामला कसं कळावं? डोळ्यांनी बघून सांगावा, तर वीज जाऊन आली की डबा नवे पत्ते वाटायचा, आणि इथे वीज यायची तीच मुळी जाण्यासाठी. प्रोग्रामला स्वतःलाच उमगायला हवं होतं. परसातली धपधप आता चिकट, जड यायला लागली होती. फुफू जुळत आला होता.

नेमकी तेव्हाच एजुरा गावची फ्रेमाबाई डाव बघायला अंगणात येऊन उभी राहिली. मामा सगळं सोडून उठला. पाहुणीला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, ती पिऊन होईपर्यंत थांबला आणि मग रिवाजाप्रमाणे ऐटीत म्हणाला, “इकडे सगळं शांत आहे. वाटेवर तुम्ही होतात. बोला.”

“मामा, आत्ता?” पोकुआ रडकुंडीला आली.

“गुरुजी म्हणावं लागलं तरी बेहत्तर, पण पाहुणीची विचारपूस केल्याशिवाय मी राहणार नाही.”

फ्रेमाबाईनेही काही उरकतं घेतलं नाही. कुठल्या घरून निघाली, कुठल्या फाटकातून बाहेर पडली, लॉरी कुठे बसली, सगळं साग्रसंगीत. पोकुआ तोंड फुगवून बघत होती.

“तू कशाला रुसतेस?” मामा म्हणाला. “घरात बसलेल्याला कुठून आलास म्हणून विचारतं का कोणी? उद्या दुसऱ्याच्या दारी जायला नीघ, मग तुलाही विचारतील.”

पोकुआ एकदम ताठ बसली. “मामा, पुन्हा बोल.”

“काय? मी तर टोमणा मारला.”

पण तिची बोटं चालायला लागली होती. यंत्राला ‘तू कोण’ विचारायचंच नाही. सांगायचं, दूरच्या अमक्या यंत्राकडे जायला नीघ. जायचं नाही, एक अक्षरही धाडायचं नाही, नुसतं निघाल्याचं सोंग करायचं. आणि त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला की हळूच विचारायचं, बाबा, कुठल्या दाराने निघालास? त्या दाराचा पत्ता तोच खरा.

पडद्यावर नवा आकडा आला. मामाने आरोळी ठोकली. सारपोंगने बोट चालवलं. मुसळ अजून पडत होतं, जडपणे, थांबून थांबून.

पाट उघडला. मामाने पहिला खळगा उचलला आणि बिया एकेक करून पुढे पेरल्या. त्याच बिया पलीकडे सारपोंगच्या पडद्यावर उमटल्या. मुसळं थांबली, जेवायला हाका झाल्या, पण कोणी हललं नाही. फुफूचे गोळे रश्शात गार होत राहिले.

बऱ्याच वेळाने सारपोंगचा आवाज आला. या खेपेला सरडे पडले नाहीत.

“अदुसेई, आता मात्र तूच आहेस हो. इतकी हलकट चाल या जिल्ह्यात दुसरं कोणी खेळत नाही.”

“खेळ मुकाट्याने,” मामा म्हणाला, आणि डोळे पुसायला त्याने फ्रेमाबाईकडे पाठ केली.