तीननंतर पाच

दादाचं काम काय, हे लोकांना सांगताना माझी तारांबळ उडते. बायबलातल्या शुभवर्तमानाची जुनी हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवायची आणि कुठल्या नकलाकाराने कुठे काय पदरचं घातलं, ते डोळ्यांत तेल घालून शोधायचं. ते नकलाकार मरून शेकडो वर्षं झाली, पण दादा अजून त्यांच्यावर चिडतो. नव्या भाषांतराच्या मंडळात त्याला घेतलं, तेव्हा आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. त्या वेळी तिची जीभ आणि उजवी बाजू दोन्ही धड होत्या.

पक्षाघातानंतर जीभ परत आली, हात आला नाही. रोज सकाळी मी तिला तळ्याकाठच्या आजाऱ्यांची गोष्ट वाचून दाखवायची. ओसऱ्यांमध्ये आंधळे, लंगडे, लुळे पडून आहेत. चौथ्या वचनात देवदूत उतरतो, पाणी हलवतो आणि त्यानंतर जो पहिला पाण्यात जाईल तो बरा होतो. एवढं ऐकलं की आई उजवा हात पांघरुणावरून उचलायला बघायची. कपाळावर घाम यायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई मला बजावायच्या, "हे सोडू देऊ नका. यांनी सोडलं की संपलं." बोटं जराशी हलू लागली होती.

दादा सुट्टीवर आला तो नव्या भाषांतराची प्रत घेऊन. आई म्हणाली, "आज तू वाच." मी चहा टाकायला गेले.

दादाने आजाऱ्यांचं वर्णन वाचलं आणि तो थेट त्या अडतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसावर गेला.

"अरे, चौथं राहिलं," आई म्हणाली.

"चौथं नाहीये, आई."

मी दारातून डोळ्यांनी खुणा केल्या. त्याला ते पाठ होतं. म्हणून टाकायचं, कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण दादा म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्याने सगळं समजावून सांगितलं. सगळ्यात जुन्या प्रतींत ते वचन नाही. कुणीतरी समासात टीप लिहिली असणार, पुढच्याने ती मजकुरात ओढली. म्हणून मंडळाने ते खाली तळटिपेत टाकलं. "मीच आग्रह धरला," तो म्हणाला, आणि आवाजात थोडा अभिमानही होता.

आईने त्याच्या हातातल्या पानाकडे बघितलं. मग म्हणाली, "मग ती माणसं तिथे कशाला पडली होती रे?"

"पुढे सातव्यात पाणी हलल्याचं आहे, आई. ते जुन्या प्रतींतही आहे."

"कोण हलवतं?"

"ते दिलेलं नाही." दादाचा आवाज उतरला. "टीप लिहिणाऱ्यालाही हाच प्रश्न पडला असेल."

त्या दिवशी तिने हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी तो धरून वर केला आणि सोडला, तसा तो खाली पडला. स्वयंपाकघरात मी दादाला वाट्टेल ते बोलले. "मेलेल्या नकलाकारांच्या मनातलं तुला कळतं, जिवंत आईच्या मनातलं कळत नाही!" तो चहाचे कप विसळत राहिला. मला त्याची दया आली नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही.

निघायच्या सकाळी तो पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसला. तिसरं वचन वाचलं आणि न अडखळता चौथं म्हटलं. नजर पानावर, आवाज सरळ. ज्यांना आयुष्यभर नावं ठेवली, त्यांच्यासारखंच त्यानेही पदरचं घातलं. देवदूत उतरला, पाणी हललं. मी आईच्या बोटांकडे बघत होते. हल गं, एकदा तरी हल, असं मनात म्हणत होते.

आईने डाव्या हाताने त्याचा गुडघा थोपटला.

"छान वाचतोस," ती म्हणाली. "पण बाळा, ते त्यात नाहीये ना."

उजवा हात पांघरुणावर होता तिथेच राहिला.