खंडेनवमीच्या अक्षता

स्वावलंबनाइतका थोर गुण माणसात दुसरा नाही, असे सूर्यभानचे ठाम मत होते. हे मत तो मांडत होता तेव्हा त्याचे डोके जुन्या फियाटच्या बॉनेटखाली होते आणि हातातून सुटलेला नट इंजिनाच्या पोटात कुठेतरी गडप झाला होता.

"सूर्यभानराव, ही तहसीलची फाईल नाय," शेजारचा बन्सी कुंपणावरून म्हणाला. "नुसती दाबून धरली तर हालायची नाय." बन्सी वाळूजला कंपनीत होता. सुट्टीच्या दिवशी तो यंत्राला हात लावत नसे, सल्ला मात्र देई.

दसऱ्याची सकाळ होती. सिडकोतली सगळी गॅरेजे बंद, कार्बुरेटर पार झिजलेला. नवा आणून ठेवला होता, पण आदल्या दिवशी खंडेनवमी. पाने-पकडींबरोबर तोही पूजेला बसला. पूजेतले हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. म्हणून आज ही घाई.

त्याची आई मनकर्णाबाई नवे लुगडे नेसून ओट्यावर बसल्या होत्या. गंगापूरला त्यांची थोरली बहीण सारजाबाई अंथरुणाला खिळलेली, नजरही गेलेली. लग्नानंतर एकाही दसऱ्याला दोघींचे सोने चुकले नव्हते. यंदा मनकर्णाबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढेनात.

"माय, दिवस मावळायच्या आत पोचवतो."

"मी कुठं पळाले? नीट कर."

दुपारी कार्बुरेटर बसला. किल्ली फिरवली. इंजिन घरघरले, गप्प झाले.

"नवा पीसच बाद हाय," बन्सीने निकाल दिला.

सूर्यभानने सगळे खोलले, बसवले, पुन्हा खोलले. एका सहीसाठी लोकांना तीनदा चकरा मारायला लावणारा हा अव्वल कारकून स्वतःच्या चकरांबद्दल चकार शब्द बोलला नाही. शेवटी त्याने कार्बुरेटरच्या पेट्रोल येणाऱ्या तोंडात फुंकर मारली. हवा जाईना. सुईने टोकरले, तेव्हा कुंकवाने माखलेला तांदूळ बाहेर आला. मागोमाग दुसरा.

मनकर्णाबाई बघतच राहिल्या. "नवी वस्तू म्हणून म्याच अक्षता जरा जास्त टाकल्या रं."

"असू दे माय. आशीर्वाद थोडा खोल गेला, एवढंच."

बन्सी कुंपण ओलांडून आला आणि पाना देऊ लागला. पुढच्या किल्लीला गाडी सुरू झाली.

गंगापूरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सारजाबाईंनी बहिणीचे हात चाचपले, आपट्याची पाने मुठीत घट्ट धरली.

"आज एसटी टायमावर आली म्हणायची."

मनकर्णाबाई काही सांगणार, तोच सूर्यभानने 'नको' अशी मान हलवली आणि ज्यांना दिसत नव्हते त्यांच्यापुढून आपले काळे हात मागे घेतले.

"व्हय मावशी. टायमावर आली."

गंगापूरची एसटी त्या दिवशी खरोखरच वेळेवर आली होती.