वाटेतला बाक

मिस्त्रीने बाकाच्या बोल्टावर लोखंड कापायची करवत धरली आणि नेमक्या तेव्हाच, रोज या बाकावर टेकणाऱ्या मावशी बागेच्या फाटकातून आत आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत अडकवलेला. आजच यायचं होतं यांना! त्याने मान खाली घातली आणि करवत जोरात ओढायला लागला.

बागेतले बाक दुरुस्त करणं हे त्याचं अठरा वर्षांचं काम. कुणी फळ्या मोडायचं, कुणी नावं कोरायचं, कुणी नटच काढून न्यायचं. हा शिव्या हासडत नवे बसवायचा. नट चोरीला जाऊ नयेत म्हणून तो ते करकचून आवळायचा आणि बोल्टाचं टोक हातोडीने ठोकून चपटं करायचा. मग कुणाच्या बापाला निघत नसे.

मागच्या मंगळवारी मात्र ह्या बाकाच्या फळीचे नट त्याने नुसते बोटांनी फिरवून ठेवले. म्हटलं, जेवून येऊन आवळू. जेवला, जरा लवंडला आणि साफ विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेहमीसारख्या येऊन बसल्या, फळी निसटली आणि मनगट मोडलं.

"त्या टवाळ पोरांचाच उद्योग," बागेचे साहेब म्हणाले होते. "किती वेळा दुरुस्त करायचं? काढूनच टाक तो बाक."

मिस्त्रीने मान डोलावली होती. डोलावली, त्याचीच त्याला आठवडाभर लाज वाटत होती.

"काढताय?" मावशींनी जवळ येऊन विचारलं.

"साहेबांनी सांगितलंय."

"अहो, मग मी ताईकडे जाऊ कशी?"

त्यांची थोरली बहीण तळ्यापलीकडच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली. मावशींचे गुडघे एका दमात तेवढं चालू देत नसत. निम्म्या वाटेवर हा एकच बाक.

"इथे दहा मिनिटं टेकलं की पुढचं जमतं. हात मोडल्यापासून गेलेच नाही, तर ताई नीट जेवत नाही म्हणे. लहान मुलासारखी रुसून बसलीय." मावशींनी दम घेतला. "ती पोरं संध्याकाळी बसतात ना इथे, काल माझ्या दारावरून जाताना दिसली, त्यांना बोल बोल बोलले. एक मेला म्हणतो कसा, आजी, आम्ही नाही केलं. वर डोळ्यांत पाणी! नाटकी कुठला."

मिस्त्रीची करवत थांबली.

"मावशी, तो खरं बोलला."

"म्हणजे?"

"नट मी आवळले नव्हते. जेवायला गेलो आणि विसरलो. आणि मग तोंड उघडलं नाही."

मावशींनी झोळीतला हात नुसता सावरला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"म्हणजे बाक कुणी मोडलाच नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग काढताय कशाला?"

"नोकरीवर बेतेल माझ्या," तो पुटपुटला.

"बेतेल. माझ्या हातावर बेतलंच की. आणि त्या पोरांना मी काय काय बोलले."

मिस्त्रीने पिशवीतून नवे बोल्ट काढले. कापलेल्याच्या जागी बसवले, निसटलेली फळी परत बसवून तिचेही नट एकेक करून तपासले, आवळले, टोकं ठोकली. दोन्ही हातांनी बाक गदागदा हलवून पाहिला.

"थांबा, आधी मी बसून बघतो," तो म्हणेपर्यंत मावशी सगळा भार टाकून बसल्यासुद्धा. फळी चाचपूनही पाहिली नाही. मिस्त्रीला ते फार जड गेलं.

"आता लावा साहेबांना फोन."

त्याने लावला.

"निघाला का रे बाक?" साहेबांचा आवाज आला.

मावशींनी तोंड तळ्याकडे वळवलं.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "जरा ऐकून घ्या. पोरांनी काही केलं नव्हतं."