अ. ब. क.

"पत्राखाली नाव काय घातलंस?" सरलाबाईंनी विचारलं.

"अ. ब. क.," ऋतिका म्हणाली. "तुम्हीच बोललात ना बाई, सोताचं नाव घातलं का मार्क कापतात."

बाईंच्या हातातला लाल पेन तसाच राहिला. ब्राह्मण आळीतल्या त्यांच्या ओटीवर कित्येक वर्षं दहावीच्या मराठीची शिकवणी चालते आणि पत्रलेखनाच्या पहिल्याच दिवशी त्या हे बजावतात. बोर्डाच्या पेपरात ओळख दाखवायची नाही. विषय, महोदय, मजकूर, आपला विश्वासू, अ. ब. क. भिवंडीतली निम्मी पोरं याच नावाने पास झाली, असं त्या गमतीने म्हणत.

पण हे पत्र पेपरातलं नव्हतं. ऋतिका अंजूरच्या पुढच्या एका वाडीतली. वाडीच्या वळणावर गोदाम झालं, कंटेनर सुरू झाले आणि खांबावरचा दिवा गेला तो गेलाच. जूनमध्ये तिने कुणाला न सांगता पंचायतीला तक्रारपत्र दिलं, अगदी शिकवल्याबरहुकूम. या महिन्यात त्याच वळणावर तिचा आजा महादू कंटेनरखाली गेला.

"काल बाबांसंगती पंचायतीत गेले. तिथले क्लार्क बोलले, निनावी अर्ज हाय, असल्याला आम्ही हात न्हाय लावत. काढून दाखवला. माझंच अक्षर, बाई."

ती रडली नाही. बाईंनाच बसवेना. त्यांना तिची रसग्रहणाची वही आठवली. 'कवीने अंधार हे दुःखाचे प्रतीक योजले आहे,' हे वाक्य त्यांनी सगळ्यांना उतरवून दिलं होतं. या पोरीने लिहिलं होतं, 'अंधार म्हणजे अंधारच. आमच्या वळणावर आहे.' बाईंनी त्यावर काट मारून 'विषयांतर' असा शेरा दिला होता, वर्गाला वाचूनही दाखवला होता. पोरं हसली होती. आता त्यांना स्वतःची शरम वाटली. जीव तोडून शिकवायचं ते हेच का?

"दिवा लागला का गं आता?"

"न्हाय."

"मग पुन्हा लिही. या वेळी नाव घाल."

ऋतिका हळूच म्हणाली, "आमचा भावेशदादा त्याच गोदामात कामाला हाय. बोलला, नाव दिसलं तर माझी ड्युटी जाईल. आजी बोलते, एक गेला तो पुरे."

शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट चालू होता. बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि स्वतःच मजकूर लिहिला. एकही अलंकार नाही. वळण, खांब, दिवा, मेलेला माणूस. 'आपली विश्वासू' लिहून त्यांनी पेन खाली नेला, आणि सवयीच्या हाताने 'अ' काढला.

बाई त्या अक्षराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते खोडलं आणि शेजारी पूर्ण नाव लिहिलं, सरला दिगंबर जोगळेकर, पत्त्यासकट.

"बाई, खाडाखोड झाली," ऋतिका म्हणाली. "मार्क जातील."

"जाऊ देत."

ऋतिकाने पेन मागून घेतला. मग बाईंच्या नावाखाली तिने लिहिलं, 'ऋतिका, महादूची नात.'